दस्तीखालचा हात

दौलतभाऊला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कापसात माखलेला होता आणि भांडत नव्हता. कापसाचं काही नाही, आदिलाबादच्या जिनमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, आलेला माणूस तसाच दिसणार. पण न भांडणाऱ्या युनियनवाल्याचं मला नवल वाटलं. आमच्या मजूर खात्याच्या दफ्तरात असली माणसं यायची ती दारातूनच आवाज चढवून. हा आला, पायपुसण्यावर पाय घासले, खुर्ची ओढली, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि जिनच्या मॅनेजरला म्हणाला, "बोला साहेब. आमी ऐकून राह्यलो."

मॅनेजर गडबडला. तो भांडणाच्या तयारीनं आला होता बिचारा.

निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. दफ्तरात उर्दू मिसली अजून कपाटात रचलेल्या होत्या, नवे कागद इंग्रजीत येत होते, आणि लेबर इन्स्पेक्टर म्हणून आलेल्या साहेबांना तेलुगू आणि इंग्रजी सोडून काही कळत नव्हतं. जिनचे मालक शेटजी हिंदीत बोलायचे. मजुरांत अर्धे मराठी, अर्धे तेलुगू. मी आदिलाबादचाच. आजोबा तहसिलीत, वडील तहसिलीत. घरात मराठी, दफ्तरात उर्दू, बाजारात तेलुगू असं वाढलो. म्हणून तर्जुमा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लोकांना वाटतं तर्जुमा म्हणजे हुशारीचं काम. छे हो! दोन्हीकडच्या शिव्या आपल्या तोंडानं द्यायच्या आणि दोन्हीकडच्या आपणच खायच्या, एवढंच ते काम. माझा मूळ स्वभाव तापट. अशा माणसाला दिवसभर दुसऱ्याचा राग उच्चारायला लावणं हा जुलूम आहे, आणि तो सरकारनं माझ्यावर बरीच वर्षं केला.

दौलतभाऊ जिनच्या प्रेसवर गठाणी बांधायचा. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खिशाकडे बघतोय असं वाटायचं. जिनचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात संपायचा. हंगाम संपला की हा कापसाच्या बाजारात एका अडत्याकडे उभा राहायचा, कारण युनियनमध्ये येण्याआधी तो दलालीतच मुरलेला होता. आदिलाबादच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आपली दस्ती किंवा उपरणं हातावर टाकायचा, समोरचा त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. वर चेहरे ढिम्म. भोवती माणसं उभी असायची, पण काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. शेवटी पंजा दाबला की सौदा पक्का, मग देव आला तरी मोडायचा नाही. दौलतभाऊचा हात त्या बाजारात नावाजलेला होता. "याचा हात दस्तीखाली गेला की आपोआप बोलतो," असं अडते सांगायचे.

आणि हाच माणूस आमच्या टेबलावर दोन्ही हात उघडे ठेवून बसायचा. एकदा मी विचारलंच, "दौलतभाऊ, हे हात असे काऊन ठेवता? पोलिसापुढं बसल्यावानी?"

"बाबूजी, माह्या मांगं बाया उभ्या राह्यतात," तो म्हणाला. "मी बाजारातला माणूस हाये हे त्याईले ठाऊक हाये. हात दिसला नाई त त्या म्हनतीन, दौलत्यानं इकलं आपल्याले."

त्याची बोलणी करायची रीत साधी होती, पण ती समोरच्याला फार उशिरा कळायची. मोठी मागणी तो कधीच आधी काढत नसे. आधी पिण्याच्या पाण्याचा रांजण. मग लेकुरवाळ्या बायांचे पाळणे बांधायला सावली. मॅनेजरला वाटायचं, एवढंच ना? हो म्हणून टाकू. दौलतभाऊ नंतर मला सांगायचा, "त्याच्या तोंडाले 'हो' म्हनाची सवय लागली पायजे बाबूजी. एकडाव लागली की मंग सोपं जाते."

तोंडाला बांधायच्या फडक्याची गोष्ट तर मी अजून हसत हसत सांगतो. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस घालणाऱ्या बायांच्या नाकातोंडात रुई जायची, खोकून खोकून जीव जायचा. युनियननं फडकी मागितली, मॅनेजरनं उडवून लावलं. दौलतभाऊ म्हणाला, ठीक हाये, पुढची बैठक रेच्यांच्या शेडमध्ये घेऊ, दफ्तरात साहेबाचा वेळ काऊन दवडायचा? मॅनेजर फुशारकीनं हो म्हणाला. सगळे रेचे सुरू होते. एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून दौलतभाऊ प्रत्येक वाक्य दोनदा सांगायला लागला. मी ते तेलुगूत इन्स्पेक्टरसाहेबांच्या कानात ओरडायचो, साहेब खोकायचे, मॅनेजर हिंदीत ओरडायचा, खोकायचा. रुई आमच्यावर बसत होती. दौलतभाऊनं पाळण्यांचा विषय काढला, तो संपवून शौचकूपाचा काढला, सावकाश, अगदी जेवणानंतर गप्पा मारतात तसा. शेवटी मॅनेजर डोळे पुसत किंचाळला, "दे दो, दे दो, सबको कपडा दे दो!" बाहेर आलो तेव्हा साहेबांची मिशी पांढरी झाली होती. बाया पदराआड तोंड घालून हसत होत्या. त्यात पोशव्वा सगळ्यात मोठ्यानं.

पोशव्वा तलमडुगूकडची. तेलुगू बाई, उंच, काळीसावळी, आवाज असा की रेच्याच्या आवाजावर चढायचा. तेलुगू बायांची पुढारीण तीच आणि दौलतभाऊची सगळ्यात कडक टीकाकारही तीच. त्याला 'दौलतन्ना' म्हणायची, आणि अन्ना म्हणून त्याला सोलून काढायची. युनियनचा नियमच होता की बोलणी झाली की दौलतभाऊनं थेट जिनच्या गेटवर यायचं आणि आत काय काय झालं ते सगळं सांगायचं. आपण काय मागितलं, शेटजी काय बोलले, आपण काय सोडलं. तो मराठीत सांगायचा, मी तेलुगूत. हे माझ्या नोकरीत बसत नव्हतं, पण त्यानं बोलावलं की मी जायचो. मग हात वर करून ठरायचं, मान्य की नाही.

एकदा बैठकीत त्याचं डोकं फिरलं, मॅनेजरला काहीतरी बोलून बसला आणि हाताशी आलेली मागणी गेली. गेटवर येऊन म्हणाला, "आज माह्या तोंडानं नुसकान झालं. मॅनेजरची चूक नाई, माही हाये. बोला काय बोलाचं ते." पोशव्वा बोलली! तिनं त्याच्या सात पिढ्या धुतल्या. मी तेलुगूचं मराठी करत होतो आणि मधले मधले शब्द गाळत होतो. दौलतभाऊनं मला थांबवलं. "गाळू नका बाबूजी. मले तेलुगू समजते, पन शिवी दोनदा आयकली की नीट लागते." अशा माणसाला काय म्हणायचं, सांगा.

एरवी हे असंच हसत-भांडत चाललं असतं. पण छप्पन साली राज्यांची फेरवाटणी झाली. आमचा जिल्हा मध्येच फाटला. किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडे नव्या आंध्र प्रदेशात राहिलो. आमची अर्धी सोयरीक किनवटला होती. आणि नेमका तेव्हाच जिनचा हंगाम तोंडावर आला.

जिनमध्ये रेच्यावर बसणाऱ्या जुन्या बायांपैकी बऱ्याच जणी किनवटकडच्या होत्या. सकाळच्या छोट्या गाडीनं यायच्या, संध्याकाळी परत. हंगामी मजुराला पुढच्या हंगामात आधी बोलवायचं, हे दौलतभाऊनं फार झगडून मिळवलं होतं. शेटजींनी आता पाचर मारली. म्हणाले, या बाया परराज्यातल्या झाल्या. जुना करार जुन्या राज्यातला. त्यांना घेणार नाही, इकडच्या नव्या घेऊ. नव्या म्हणजे स्वस्त, हे न सांगता कळत होतं. किनवटच्या बायांचं पुढाऱ्यासारखं बघणारी अनसूयाबाई होती, विधवा, तिची मुलगीही रेच्यावरच. ती मला दफ्तराच्या पायरीवर म्हणाली, "बाबूजी, आमी गाव सोडून कुठं गेलो नाई. रेल्वेचं तिकीट बी तेच हाये. मंग आमी परक्या कवा झालो?" मी सरकारी माणूस, मला उत्तर यायला हवं होतं. संताप आला नुसता.

दफ्तरात बोलणी लागली. पहिल्या दिवशी दौलतभाऊनं एक इंच सोडलं नाही, शेटजींनीही नाही. साहेब घाम पुसत होते. जिनबाहेर कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या, बैल सोडलेले, गाडीवान चिलीम ओढत बसलेले. काम सुरू झालं नाही तर कापूस पडून राहणार, शेटजींचं नुकसान. पण मजुरांची चूलही हंगामावरच पेटायची. दोन्हीकडे ताण होता, आणि तो कोण आधी सोडतो एवढंच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांना हैदराबादहून ट्रंककॉल आला, ते शेजारच्या खोलीत गेले. पोशव्वा आणि आणखी एक प्रतिनिधी सकाळपासून उपाशी, ते भाकर खायला बाहेर गेले. खोलीत उरलो शेटजी, मॅनेजर, दौलतभाऊ आणि मी. शेटजी एकदम मऊ झाले.

"दौलतभाऊ, हम दोनों बाजार के आदमी," ते म्हणाले. "ये साहब लोग नये हैं। किनवटवाली छोड दो। इधरवालों को हम मजुरी बढा देते हैं। ऐसी बढती किसी जिनवाले ने नहीं दी होगी।" आणि त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून टेबलावर पुढे केलेल्या आपल्या हातावर टाकली. "बोलो।"

मी शपथेवर सांगतो, दौलतभाऊला काही मागायचं नव्हतं. त्याचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलंच होतं. पण त्याचा उजवा हात टेबलावरून उठला आणि दस्तीखाली गेला. इतकी वर्षं कापसाच्या बाजारात दस्ती पसरली की हात घालायचा, हेच त्या हाताला माहीत. शेटजींची बोटं हलली, कापड हललं. दौलतभाऊची बोटं हलली. भाव वाढवून मागितला त्यानं, जुन्या सवयीनं; तसं त्यानंच मला पुढं सांगितलं! शेटजींनी लगेच पंजा दाबला. पाणी प्यायलाही जास्त वेळ लागतो. शेटजी मोठ्यानं म्हणाले, "सौदा पक्का।"

दौलतभाऊनं हात काढून घेतला. चेहरा पांढराफटक. त्या हाताकडे तो असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. "शेटजी, मी हे... मी मागितलं नाई," तो म्हणाला.

"हाथ दिया ना?" शेटजी म्हणाले. "बाजार में पूछ लेंगे।"

कायद्यानं त्या दाबलेल्या बोटांना काडीची किंमत नव्हती, मला ठाऊक होतं. पण दौलतभाऊसाठी कायदा कुठला, बाजार खरा. साहेब आत आले, सगळ्यांचे चेहरे बघून इंग्रजीत म्हणाले, मिटलं वाटतं? शेटजींनी मान डोलावली. दौलतभाऊ माझ्याकडे वळला. "बाबूजी, साहेबाले सांगा, लिवू नका अजून. मी गेटवर जाऊन येतो."

मी त्याच्याबरोबर निघालो. रस्ताभर मी मनात म्हणत होतो, दौलतभाऊ, सांगू नका. खोलीत आम्ही चौघंच होतो. मी तोंड उघडणार नाही. शेटजी काही म्हणाले तर म्हणा, खोटं आहे. कोणाला कळणार आहे? मी हे बोललो असतो बहुतेक, पण त्याच्या चालण्याकडे बघून धीर झाला नाही.

गेटवर सगळे होते. इकडच्या बाया, प्रेसवरचे पुरुष आणि चिंचेखाली किनवटच्या बाया, फडक्यात बांधलेल्या भाकरी तशाच. दौलतभाऊ नेहमीच्या दगडावर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"शेटजीनं दस्ती टाकली," तो म्हणाला. "म्या हात देला. किनवटच्या बाया सोडाच्या आन इकडच्याईले वाढ, असा सौदा व्हता. मले द्याचा नव्हता, पन हात गेला. आता बाजाराच्या हिशेबानं तो पक्का हाये."

मी तेलुगूत सांगितलं. मग अनसूयाबाई उठली, पदर सावरला आणि तिनं विचारलं, "भाऊ, हात देतानी आमी ध्यानात व्हतो का नाई?"

"व्हता," तो म्हणाला. "तरी गेला."

ती खाली बसली. रडली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मग गलका उठला. प्रेसवरचा एक गठाणीवाला, दौलतभाऊबरोबरच काम करणारा, पुढं आला. "झालं ते झालं दौलत्या! वाढ भेटून राह्यली त घेऊ. त्या तिकडच्या झाल्या, आपन इकडचे. आन पक्का सौदा मोडशीन त बाजारात तुले कोन उभं करन?" त्याच्यामागे पुष्कळांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर त्यांचं काही चूक नव्हतं. त्यांच्याही घरी चुली होत्या. दोघं-तिघं किनवटच्या बायांकडे पाठ करून उभे राहिले. आता युनियन इथंच फुटणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

पोशव्वा त्या गठाणीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. मराठीतच बोलली, तिच्या मोडक्या मराठीत. "रेच्यावर माझा पोरगी जन्मला. दुपारी पोट दुखला, अनसूयाक्का धरला मला. तू धरला का? तुझा वाढ तू खा. मी त्या आल्या तरच रेच्यावर चढते. नाय तर नाय." आणि ती जाऊन चिंचेखाली किनवटच्या बायांच्यात बसली. तिच्यामागून एक तेलुगू बाई गेली. मग दुसरी. मग सगळ्या. पुरुष बघतच राहिले. बाया रेच्यावर चढल्या नाहीत तर यांना बांधायला गठाण येणार कुठून?

दौलतभाऊ चिंचेखालच्या बायांसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "हात माहा व्हता, तुमचा नाई. मोडाचा त मीच मोडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार भरला तेव्हा मी गेलो. दफ्तरात रजा न मागता गेलो, झाली ती बोलणी मग खाल्ली. दौलतभाऊ अडत्यांच्या गाद्यांसमोर मधोमध उभा राहिला. सौदे थांबले. तो म्हणाला, "काल म्या शेटजीले हात देला. तो सौदा मी मोडून राह्यलो. शेटजीची चूक नाई, त्याईनं भाव बराबर देला. मीच बेइमान हाये." एवढंच. कारण सांगितलं नाही, बायांचं नाव काढलं नाही.

मला वाटलं होतं, लोक धावून जातील, शिव्या देतील. तसं काही झालं नाही. ज्या अडत्याकडे तो हंगामाबाहेर उभा राहायचा तो म्हातारा सावकाश उठला, त्यानं खांद्यावरची दस्ती काढली, जोरात झटकली आणि पुन्हा खांद्यावर टाकून पाठ फिरवून बसला. मग शेजारच्यानं झटकली. मग एकेक करत सगळ्यांनी. आमच्या बाजारात याचा अर्थ असा, की या माणसासाठी आता कोणाची दस्ती पसरणार नाही. दौलतभाऊ शेवटची दस्ती झटकून होईपर्यंत उभा राहिला आणि मग चालू लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिव्या दिल्या, कोणाला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोलणी परत लागली. आता मात्र पोशव्वा उपाशी मरेन पण उठणार नाही म्हणून बसली होती. गाड्यांची रांग नाक्यापर्यंत गेली होती आणि शेतकरी शेटजींच्या नावानं बोटं मोडत होते. दौलतभाऊ थंडपणे पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होता, "जुन्या बाया जुन्या हक्कानं. बाकी तुमी म्हनान ते आयकतो." वाढ सोडली त्यानं. पुढच्या हंगामावर टाकली. शेवटी शेटजींनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, ठीक. किनवटवाल्यांना घेतो. पण एक अट. हा माणूस माझ्या गेटात पुन्हा येता कामा नये. कामालाही नाही, युनियनच्या बोलण्यालाही नाही. ज्यानं हात देऊन मोडला त्याच्यासमोर मी बसणार नाही.

साहेब गडबडले. अशी अट घालता येत नाही, मी ती लिहिणार नाही, म्हणाले. मी ते दौलतभाऊला मराठीत सांगितलं, जरा जोर लावूनच सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःसाठी टेबलावर मूठ आपटेल.

"साहेबाले सांगा, लिवा," तो म्हणाला. "मी राजीखुशीनं काम सोडतो असं लिवा. मंग त कायद्यात बसते ना?"

"दौलतभाऊ, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडलो. दफ्तरात, साहेबांसमोर. "वर्षानुवर्षं राबून उभी केली ही युनियन. बाजारही गेला, आता जिनही सोडता? खाणार काय?"

"बाबूजी, तर्जुमा करा," तो म्हणाला.

केला. काय करणार?

गेटवर त्यानं सगळं सांगितलं, नेहमीप्रमाणे. बाया घेणार हे सांगितलं तेव्हा किनवटकडून हुंदका उठला. वाढ नाही हे सांगितलं तेव्हा पुरुष कुरकुरले. शेवटची अट त्यानं तशाच आवाजात सांगितली, रांजणाची गोष्ट सांगावी तशी. मला तेलुगूत सांगता येईना. त्यानं माझ्याकडे वळून बघितलं, वाट पाहिली. मी सांगितलं.

"मान्य असन त हात वर करा," दौलतभाऊ म्हणाला.

एकही हात वर झाला नाही. त्या गठाणीवाल्याचासुद्धा नाही.

"करा म्हनतो ना!"

नाही.

मग त्याचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "अनसूयाबाई, तुमच्या बाया उद्या गाडीनं येतीन का उपाशी बसतीन, ते मले सांगा. पोशव्वा, कापूस भिजला की शेट तुमाले बोलावन का? माह्यासाठी अडून राह्यले त सगळंच जाईन. मी गेलो त एक मानूस जाते. करा वर." पोशव्वानं तोंडावर पदर दाबला, त्याला तेलुगूत अशी एक शिवी दिली जी मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही, आणि रडत रडत हात वर केला. मग बाकीच्यांचे गेले, एकेक, जड झालेले. अनसूयाबाईचा सगळ्यात शेवटी.

हंगाम सुरू झाला त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो. दौलतभाऊ किनवटला निघाला होता, तिथून पुढे कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी. बायको आधीच माहेरी गेली होती. मी म्हणालो, "तिकडं कोणाची ओळख आहे का?" तो म्हणाला, "तिकडं आता मराठी राज हाये म्हनतात. पाहू, आपल्याले वयखते का." आणि हसला. मला हसू आलं नाही.

गाडी आली. किनवटच्या बाया उतरल्या, भाकरीची फडकी घेऊन, घाईनं. त्याला पाहून थबकल्या. अनसूयाबाई पुढं झाली, पाया पडायला वाकली, तर हा तिच्यावर डाफरला, "अवो, येळ होऊन राह्यली! पयल्याच दिवशी उशीर केला त मॅनेजर काय म्हनन? पळा!" त्या पळाल्या. पळता पळता मागं बघत होत्या. तो डब्यात चढून खिडकीशी बसला, पेटी पायाखाली घेतली. आम्ही दोघं काहीतरी बोलत राहिलो, हवापाण्याचं.

एवढ्यात जिनचा कामावर बोलावणारा भोंगा झाला. दौलतभाऊ बोलता बोलता थांबला, ताडकन उठला, वळकटी बाकावर तशीच टाकून दारापर्यंत गेला. दारात दांडा धरून उभा राहिला. भोंगा वाजायचा थांबेपर्यंत तो तसाच उभा होता. मग हळूहळू परत येऊन जागेवर बसला, आणि गाडी हलली.